रावणाला न उचललेला लक्ष्मण

कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत मामा राहतात. वय साठीपुढचं, वजन 90 किलो. सारा जन्म तालमीत गेला, आता तिथल्या पोरांचे वस्ताद आहेत. त्यांची भाची सरकारी दवाखान्यात, अपघात विभागात सिस्टर आहे. तिचं वजन 52 किलो. मध्यंतरी त्यांच्या गल्लीतला एक दुकानदार दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात चक्कर येऊन पडला. शेजारच्या चौघांनी दोन हात आणि दोन पाय धरून त्याला अरुंद जिन्यानं खाली आणलं आणि रिक्षात घातलं. माणूस वाचला, पण ओढाताणीत खांदा निखळला. मामा तेव्हा गावाला होते. परत आल्यावर सोप्यात बसून त्यांनी जाहीर केलं की आपण असतो तर चौघांची गरजच नव्हती. भाची नुकतीच रात्रपाळी करून आली होती. पुढचं बोलणं मामींसमोर आणि माझ्यासमोर झालं.

मामा : एक माणूस उचलायला चार जणं, आणि तेबी खांदा निखळवून! अंगात रग म्हणून राहिली न्हाई आताच्या माणसांच्यात.

भाची : तुम्ही काय केलं असतं, मामा?

मामा : काय म्हंजे? खांद्यावर टाकला असता आणि उतरलो असतो खाली. मार्केट यार्डात हमाल 100 किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरनं ट्रकमधी चढायचे. ह्या डोळ्यांनी बघितलंय. मग 80 किलोचा माणूस का उचलायचा न्हाई?

भाची : पोतं हमालाच्या पाठीवर कोण द्यायचं?

मामा : दोघं जणं द्यायचे उचलून.

भाची : झालं तर! पाठीवर आलेलं ओझं वाहणं वेगळं आणि जमिनीवर पसरलेलं ओझं एकट्यानं पाठीपर्यंत आणणं वेगळं. तुमचा हमाल निम्मी लढाई दुसऱ्यांच्या जिवावर जिंकत होता. शिवाय पोतं शिवलेलं असतं, त्याला कान असतात, हूक मारून ओढता येतं. माणसाला कुठं हूक मारणार? ओल्या न्हाणीघरात, संडास आणि बादलीच्या मधे अडकलेल्या, साबणानं निसरड्या झालेल्या माणसाला नेमकं कुठं धरणार, ते सांगा.

मामा : धरायला जागा शोधली की सापडती.

भाची : चौघांनाही सापडली, मनगटं आणि घोटे. म्हणून तर खांदा निखळला.

मामा : तू मला आकडे सांगशील आता.

भाची : सांगते की. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 साली भारतीय प्रौढांचं जे संदर्भ-वजन धरलंय ते पुरुषाचं 65 आणि बाईचं 55 किलो. जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनं 1967 सालीच शिफारस केली होती, की रोज ओझं वाहणाऱ्या धडधाकट गड्यावरसुद्धा 55 किलोच्या वर भार देऊ नये. म्हणजे संदर्भातला मध्यम पुरुषच सरावलेल्या गड्याच्या मर्यादेपेक्षा 10 किलोनं जड आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं ओझ्याचं सूत्र तर सगळं अनुकूल असताना 23 किलोवरच थांबतं. ओझं अंगाजवळ, दोन्ही हातांची पकड घट्ट, कंबरेत पिळा नाही, तेव्हा 23. रुग्ण उचलण्याचा हिशेब त्याच सूत्रानं केला तेव्हा साधारण 16 किलो आले.

मामा : 16? मग चार वर्षांचं पोरगंबी कडेवर घ्यायचं न्हाई म्हण!

भाची : हा हिशेब रोज उचलणाऱ्याची पाठ म्हातारपणापर्यंत शाबूत राहावी म्हणून केलेला आहे. एकदाच, जिवावर बेतल्यावर, याच्या कितीतरी पट उचलता येतं, ते मी नाकारत नाही. पण आमच्या वॉर्डातल्या मावशींना आणि वॉर्डबॉयना विचारा, पट्टा न बांधता कामावर येणारे किती आहेत ते.

मामा : कागदावरचं बास झालं. मातीतलं बोल. कलाजंग म्हाइती हाय न्हवं तुला? समोरचा 90 किलोचा गडी, त्याचा हात धरायचा, बुडी मारून त्याच्या मांडीत हात घालायचा, मानेवर घ्यायचा आणि फिरवायचा. माझी 70 किलोची पोरं रोज करत्यात. अग्निशामक दलाचे जवान माणूस खांद्यावर आडवा टाकून न्हेत्यात, ते दुसरं काय हाय? कलाजंगच की.

भाची : डाव बरोबर ओळखलात. आता कलाजंग लावताना समोरचा काय करत असतो, तेही सांगा.

मामा : उभा असतोय. जोर लावत असतोय.

भाची : उभा असतो, म्हणजे त्याचं वजन त्याच्याच पायांनी कंबरेच्या उंचीवर आणून ठेवलेलं असतं. तुम्हाला फक्त त्याच्या खाली शिरायचं असतं. तो जोर लावतो, म्हणजे त्याचं अंग ताठ असतं, एकसंध असतं. त्याचा रेटासुद्धा तुम्ही वापरून घेता. आता हाच गडी पालथा पडलाय, अंग सोडलंय, काही म्हणजे काही करत नाही. लावा कलाजंग.

मामा : (जरा थांबून) हां, तिथं गोम हाय. खालचा पैलवान मातीला चिकटून अंग टाकतो तवा वरच्याला घाम फुटतो. 65 किलोचं पोरगं 100 किलोचं वाटाय लागतंय. पटाला घेतलेल्या गड्यापेक्षा अंग टाकलेला गडी उचलणं अवघड, हे कुठलाबी वस्ताद सांगंल.

भाची : आणि तो निदान शुद्धीवर असतो! बेशुद्ध माणसाचं वजन तसूभरही वाढत नाही. वाढते ती आपली अडचण. झोपेत कडेवरचं पोर जड का लागतं? जागं असताना ते गळ्याला मिठी मारतं, पायांनी कंबर धरतं, स्वतःचा तोल स्वतः सांभाळतं. झोपलं की सगळं आपल्यावर. बेशुद्धीत स्नायूंचा ताणच जातो. मग 65 किलोचं एक ओझं राहत नाही, ते सांध्यांनी लोंबकळणारे तुकडे होतात. डोकं साधारण 5 किलोचं. एकेक पाय 10 किलोचा. एकेक हात 3 किलोच्या वर. उरलेलं धड. तुम्ही धड उचललं की डोकं मागं पडतं, डोकं सावरायला गेलात की एक पाय दारात अडकतो, पाय सोडवला की माणूस काखेतून खाली सटकतो.

मामी : फिनलंडात म्हणं बायकोला पाठीवर घेऊन पळायची शर्यत असती. परवा नातवानं मोबाइलवर दाखवली.

भाची : असते ना, सोन्कायार्वी गावात, 1992 पासून. 253.5 मीटर पळायचं, मधे पाण्याचा खड्डा असतो, बायकोचं वजन निदान 49 किलो हवं. चांगले गडी मिनिटभराच्या आसपास पार करतात. पण ती बायको नवऱ्याच्या पाठीवर उलटी लटकलेली असते, पायांनी त्याची मान आवळून आणि हातांनी कंबर घट्ट धरून. निम्मं काम तिचं. तिला बेशुद्ध करून शर्यत लावली तर एकही जोडी त्या पाण्यातून पलीकडं जायची नाही.

मामी : ह्यांच्यासंगं शर्यत लावायची तर मलाच ह्यांना उचलावं लागंल.

मामा : हसा. पण मला एक सांग पोरी, मनगटातल्या जोरावर माणूस उचलायचा नसतो, तर मारुतीनं लक्ष्मण कसा उचलला? युद्धकांडात हाय. रावणाची शक्ती लागून लक्ष्मण पडला. रावण स्वतः उचलाय गेला. कैलास हलवणारा रावण, वीस हातांचा, पर त्याला लक्ष्मण उचलला न्हाई. मारुतीनं मात्र अल्लद उचलला आणि रामाम्होरं ठेवला. शक्ती पाहिजे आणि भक्ती पाहिजे. त्याच्यासाठीच आम्ही तालमीत मारुती बसवतोय.

भाची : चला, रावणाच्या वीस हातांनाही बेशुद्ध माणूस उचलत नाही, एवढं तरी मान्य झालं. आता पुढचं सांगा. लक्ष्मण पुन्हा पडला. सुषेण वैद्यानं औषधी सांगितली. ती होती लांब हिमालयात. तेव्हा मारुतीनं काय केलं?

मामा : द्रोणागिरी आणला. लहान पोरगं सांगंल.

भाची : लक्ष्मणाला उचलून द्रोणागिरीवर का नेलं नाही? ज्याला पर्वत उचलतो त्याला एक माणूस जड होता का? वैद्य रुग्णापाशी, औषध रुग्णापाशी आणि रुग्ण पडल्या जागी. आम्हाला अपघात विभागात जे पहिल्या महिन्यात शिकवतात ते मारुतीनं करून दाखवलंय. तुमच्या तालमीतला देव माझ्या बाजूनं आहे, मामा.

(मामा काही वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मामींनी चहा आणला.)

मामा : बरं, न्हाई उचलायचा. का न्हाई, ते सांग. नुसतं जड हाय म्हणून?

भाची : जड आहे हे शेवटचं कारण. पहिलं कारण मान. उंचावरून पडलेला, गाडीवरून उडालेला, विहिरीत सूर मारताना डोकं आपटलेला माणूस असेल तर मानेचा मणका मोडलेला असू शकतो. आतली मज्जारज्जू शाबूत असते आणि तुम्ही खांद्यावर टाकताना डोकं हिसकलं की ती दुखावते. वाचला असता तो जन्मभर खाटेवर. दुसरं कारण श्वास. बेशुद्ध माणसाची जीभ सैल होऊन मागं पडते, घसा बुजतो. पोटावर दाब देऊन खांद्यावर आडवा टाकला की उलटी वर येते आणि छातीत उतरते. तिसरं कारण साधी भोवळ. भोवळ येते कारण मेंदूला रक्त कमी पडतं. माणूस आडवा पडला की ते आपोआप परत मिळतं. म्हणजे पडणं हा शरीरानं स्वतःच काढलेला उपाय असतो. आणि आपण काय करतो? चौघं मिळून त्याला उभा करतो, खुर्चीत बसवतो, तोंडात पाणी ओततो, नाकाला कांदा नाहीतर चप्पल लावतो.

मामा : चप्पल फिट आल्यावर लावत्यात.

भाची : फिट आल्यावरही लावायची नाही. आणि चौथं कारण सगळ्यांत मोठं. हृदय थांबलं असेल तर मेंदूला चार-पाच मिनिटंच असतात. तेवढ्या वेळात छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान 5 सेंटिमीटर खोल दाबत राहायचं असतं, तेही कडक जमिनीवर. त्याला जिन्यातून उतरवताना कोण दाबणार? रिक्षाच्या सीटवर कोण दाबणार? दुसऱ्या मजल्यावरून उचलून खाली आणण्यात जी आठ-दहा मिनिटं जातात त्यांतच त्याची ती चार-पाच संपून जातात.

मामा : तुझं सगळं खरं. पर आता माझं ऐक. घराला आग लागली. गॅसची टाकी भडकली. आत माणूस बेशुद्ध पडलाय. तिथं तू मणका आणि जीभ सांगत बसशील? 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी पेठेत शिरलं. आमच्या पोरांनी म्हाताऱ्याकोताऱ्या पाठुंगळी घेऊन नावेत घातल्या. ती पोरं तवा नियम वाचत बसली असती तर? तुम्ही शिकली-सवरलेली माणसं 'हात लावू नका' एवढंच शिकवताय. त्यानं काय झालंय? रस्त्यात माणूस पडतो आणि लोक मोबाइल काढून शूटिंग करत्यात. हात लावायची हिंमत मोडून टाकली तुम्ही.

भाची : हे मात्र मान्य. मी 'हात लावू नका' म्हणतच नाही. हात लावा, नाक-तोंड बघा, श्वास चाललाय का बघा, 108 ला फोन करा. महाराष्ट्रात ती रुग्णवाहिका 2014 पासून आहे. आणि पोलिसाच्या भीतीनं लांब राहायचं आता कारणही उरलेलं नाही. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2016 साली बजावलं आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर ते मोटार वाहन कायद्यातच आलंय. पण तुम्ही म्हणता ती वेळ वेगळी. आग, धूर, पाणी, कोसळणारी भिंत, भर वाहतुकीचा रस्ता. तिथं मान सांभाळायच्या नादात जीव घालवायचा नाही. तिथं हलवायचंच.

मामा : म्हंजे उचलायचंच!

भाची : हलवायचं. उचलायचं नाही.

मामा : आणि ते कसं?

भाची : ओढून. तुमच्या त्या खांद्यावरच्या पद्धतीत आगीत काय होतं? धूर वर चढतो. जी काही श्वास घेण्याजोगी हवा असते ती जमिनीलगत असते. तुम्ही उभे राहून माणूस खांद्यावर घेतला की त्याचं डोकंही धुरात आणि तुमचंही. ओढत नेला तर दोघंही खाली राहता.

मामा : 90 किलोचा माणूस तू ओढणार? ह्या अंगानं?

भाची : तुम्हालाच ओढते. झोपा सोप्यात उताणे. मामी, एक जुनी चादर द्या, सोलापुरी असेल तर उत्तम. आणि मामा, अंग सैल सोडायचं. मदत करायची नाही.

(पुढचं मी सांगतो, कारण मामांचं बोलणं बंद होतं. मामा शहाबादी फरशीवर उताणे पडले. भाचीनं चादर त्यांच्या उजव्या अंगाला लांबीत पसरली आणि निम्मी चादर चुण्या करून त्यांच्या कुशीला लावून ठेवली. मग ती डाव्या बाजूला गुडघ्यावर बसली. मामांचा उजवा हात त्यांच्या छातीवरून आपल्याकडं आणला, उजवा गुडघा उभा केला, एक तळवा खांद्यामागं आणि एक गुडघ्यावर ठेवून त्यांना आपल्याकडं कुशीवर वळवलं. एवढा मोठा माणूस दार उघडावं तसा वळला. चुण्यांची चादर पाठीखाली सारली, मामांना परत उताणं केलं, दुसऱ्या बाजूनं चुण्या ओढून सरळ केल्या. मामा चादरीच्या मधोमध आले. दवाखान्यात माणूस खाटेवरच असताना चादर बदलतात ती हीच रीत. मग डोक्याकडची दोन्ही टोकं तिनं डोक्याच्या अगदी जवळ मुठीत गुंडाळली, म्हणजे मान चादरीच्या झोळीत बसली. गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली आणि मागं रेलून पावलं मागं टाकायला लागली. मामा सरकले. सोपा ओलांडून माजघराच्या दारापर्यंत सरळ रेषेत सरकले. उंबऱ्याला मात्र गाडी अडली. तिनं दोनदा जोर लावला, चादर टरकली, मामा हलले नाहीत. मग मी पायांकडची टोकं उचलली आणि दोघांनी मिळून त्यांना पलीकडं घेतलं.)

मामा : (उठून बसत) आयला! उचलताना कुथली असतीस. हे जमलं कसं?

भाची : उचलायला तुमचं सगळं वजन लागतं, 90 च्या 90 किलो. सरकवायला फक्त घर्षण मोडावं लागतं. गुळगुळीत फरशीवर सुती चादर असेल तर वजनाच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शाएवढा जोर पुरतो. तुमच्या बाबतीत 22 ते 30 किलो. तेवढं तर मी नुसती मागं रेलले तरी निघतं. खडबडीत रस्त्यावर जोर वाढतो आणि उंबऱ्याला थेट उचलावंच लागतं. तिथं मी हरले, ते तुम्ही पाहिलंत.

मामा : उंबऱ्याला हरलीस, मग जिन्याला काय करशील?

भाची : आग-धूर नसेल तर जिन्यावर मी एकटी काहीच करणार नाही. कुशीवर वळवीन, वरचा पाय गुडघ्यात दुमडीन, तोंड जमिनीकडं, म्हणजे जीभ आणि उलटी बाहेरच्या बाजूला राहील. आणि माणसं बोलवीन. आमच्याकडं ट्रॉलीवरून खाटेवर घ्यायचं झालं तरी चौघं लागतात. चादर गुंडाळून धरतो, एक जण डोक्याशी राहून 'एक, दोन, तीन' म्हणतो आणि सगळे एकदम. डोक्याशी असतो त्याचाच हुकूम चालतो, मग तो डॉक्टर असो नाहीतर वॉर्डबॉय.

मामा : म्हंजे शेवटी माणसं लागत्यातच. आता मी सांगतो बघ. नंदुरबारच्या धडगावाकडं, गडचिरोलीत आडरानातल्या पाड्यांवर रस्ता न्हाई. तिथली माणसं आजारी बाईला बांबूला झोळी बांधून खांद्यावर घेत्यात आणि कोस न् कोस चालत्यात. ती काय पैलवान असत्यात? साधी, हडकुळी माणसं. मग साध्या माणसाला माणूस न्हेता येतो का न्हाई?

भाची : येतो. या एका मुद्द्यावर तुम्ही जिंकलात. पण कसा येतो ते बघा. बांबू आहे, म्हणून वजन हातावर न येता खांद्यावर येतं. झोळी आहे, म्हणून माणूस सुटा लोंबकळत नाही. दोघं आहेत, म्हणून वजन निम्मं. आणि बरोबर चालणारी आणखी माणसं असतात, दर थोड्या वेळानं खांदा बदलतो. सह्याद्रीत गडावरून पडलेल्या ट्रेकरला खाली आणणारी लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी मंडळीही एकट्याच्या खांद्याचा भरवसा धरत नाहीत. त्यांच्याकडं स्ट्रेचर असतं, दोर असतो, धरणारे बदलत राहतात. त्या पाड्यांवर मात्र झोळीचं कौतुक करून थांबता येत नाही. तिथं रस्ता नाही याची आधी लाज वाटली पाहिजे.

मामा : ते खरंच. आणि अंगात संचारतं ते? अमेरिकेत एका आईनं पोराच्या अंगावर पडलेली मोटार उचलली म्हणत्यात.

भाची : 1982 सालची, जॉर्जियातली गोष्ट. जॅकवरून घसरलेल्या शेव्हर्लेची एक बाजू तिनं काही इंच वर धरली, दुसऱ्या बाजूची चाकं जमिनीवरच होती. शेजाऱ्यांनी पोर बाहेर ओढलं. भीतीनं अंगात रसायनं उसळतात, दुखणं कळत नाही, एरवी राखून ठेवलेली ताकद बाहेर पडते, हे खरं. पण त्या आईनं गाडी खांद्यावर टाकून नेली नाही.

मामा : आणि तो हत्यार न धरणारा शिपाई? तालमीत पोरांनी सिनेमा लावला होता.

भाची : डेस्मंड डॉस. 1945, ओकिनावाचा कडा. सुमारे 75 जखमी त्यानं एकट्यानं कड्याच्या टोकापर्यंत आणले, तेवढं अंगाच्या बळावर. पण कड्यावरून खाली? प्रत्येकाला दोरानं बांधून सोडला. खांद्यावर घेऊन उतरला असता तर पहिल्याच माणसाबरोबर संपला असता.

मामा : म्हंजे दोर, बांबू, चादर.

भाची : आणि डोकं. नुसत्या हिमतीचं काय होतं ते नेवासा तालुक्यातल्या वाकडीत दिसलं. 2024 चा एप्रिल. शेणाच्या पडक्या विहिरीत मांजर पडलं. एक जण उतरला, विषारी वायूनं कोसळला. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. सहा जण उतरले, पाच गेले. सहाव्याच्या कंबरेला दोर होता, तो ओढून काढता आला. पहिला सोडला तर बाकीचे सगळे आपल्या माणसाला उचलायलाच उतरले होते, मामा. त्यांच्यात हिंमत कमी नव्हती आणि ताकदही कमी नसेल.

(यावर कुणी काही बोललं नाही. बोलले ते मामाच.)

मामा : पटलं. पर तूबी माझं एक कबूल कर. आत्ता तू मला ओढलंस ते कशाच्या जोरावर? पाठ सरळ, गुडघ्यात वाकून, मांड्यांवर भार. ही बैठकच झाली की. ज्याला दहा बैठका येत न्हाईत त्याला तुझी चादर काय उपयोगाची? जिन्यात चार माणसं लागणार म्हणतीस. ती चार माणसं अंगानं धड नकोत? डाव शिकवून उपयोग न्हाई, आधी अंग पाहिजे.

भाची : कबूल. बारीक माणसाला युक्ती लागते आणि युक्तीला थोडं अंग लागतं. पण तालमीतल्या पोरांना तुम्ही कलाजंग शिकवता, चादर शिकवत नाही. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांना कलाजंग मैदानात लागेल. चादर मात्र कुणालाही, कधीही, घरातच लागू शकते.

मामा : येत्या शनिवारी ये तालमीत. मारुतीची आरती झाली की पोरांना शिकव. मी झोपतो बेशुद्ध म्हणून.

मामी : त्यासाठी येगळं सोंग करायची गरज न्हाई.

वाद इथं संपला. मी दोघांच्या मधे बसून ऐकलं त्यावरून निकाल द्यायचा तर असा : जमिनीवर पडलेला बेशुद्ध प्रौढ माणूस एकट्यानं, दोन हातांवर उचलून चालत नेणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही. सिनेमातला नायक ते करतो, कारण त्याच्या हातावरची नायिका शुद्धीवर असते आणि तोल सांभाळत असते. धोक्याच्या जागेतून मात्र सामान्य माणूस त्याला नक्की बाहेर काढू शकतो, चादरीवरून ओढून. आणि धोका नसेल तर बहुतेक वेळा हलवायचंच नसतं. श्वास चाललाय का बघायचं, 108 ला फोन करायचा. श्वास चालू असेल आणि मार लागल्याची शंका नसेल तर कुशीवर वळवायचं. श्वास नसेल तर तिथंच छाती दाबायला लागायचं.

वाचकांना एक विनंती. गणपती बसवणारी मंडळं, तालमी, सोसायट्या आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. वर्षातली एक संध्याकाळ त्यांनी यासाठी काढावी. एक चादर, दोन बांबू आणि जवळच्या दवाखान्यातली एक सिस्टर एवढं पुरतं. आणि तेव्हाच आणखी एक गोष्ट बघून ठेवावी : आपल्या इमारतीच्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळतं का, लिफ्टमधे आडवा माणूस मावतो का आणि न्हाणीघराचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं का. आत उघडणाऱ्या दारामागं माणूस पडला की त्याच्याच अंगानं दार अडतं, आणि मग उचलायचा प्रश्नच येत नाही, कारण त्याच्यापर्यंत पोचताच येत नाही. हे दार उलटं बसवायला सुताराला एक दिवस पुरतो.